दफ्तराची भाषा : ऑपरेटिंग सिस्टीमवरील 'सी'चे वर्चस्व आणि त्याविषयीचा असंतोष

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास सांगताना यंत्रांचा, कंपन्यांचा आणि त्यांच्या संस्थापकांचा उल्लेख विपुल आढळतो. ज्या भाषांतून या यंत्रांना आज्ञा दिल्या जातात त्यांच्या इतिहासाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. गेल्या पन्नास वर्षांत यंत्रे पिढ्यान्‌पिढ्या बदलली, बलाढ्य कंपन्या उदयास आल्या आणि लयास गेल्या. एक गोष्ट तेवढी बदलली नाही. युनिक्स, विंडोज, लिनक्स, ॲपलची मॅकओएस, तसेच मोबाइल फोनवरील अँड्रॉइड व आयओएस या सर्व ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा मुख्यतः 'सी' या भाषेत अथवा तिच्यापासून निघालेल्या 'सी प्लस प्लस' या भाषेत लिहिलेला आहे. सी ही १९७० च्या दशकाच्या आरंभी, अत्यंत तुटपुंज्या क्षमतेच्या एका यंत्रासाठी घडविलेली भाषा होय. तिच्या या वर्चस्वाविषयीचा असंतोषही जवळजवळ तितकाच जुना आहे.

प्रस्तुत लेखात या वर्चस्वाचा आणि त्यासोबत वाढत गेलेल्या असंतोषाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. सामान्यतः हा वाद चांगली भाषा कोणती आणि वाईट भाषा कोणती अशा स्वरूपात मांडला जातो. वस्तुतः या असंतोषाचे स्वरूपच काळाच्या ओघात पालटले आहे. आरंभीच्या टीकाकारांची तक्रार सदोष भाषेत प्रणाली लिहिल्या जाण्याविषयी होती. आजची तक्रार अशी की, ज्यांना सीची एक ओळही लिहावयाची नाही त्यांचीही तिच्यापासून सुटका नाही. ही दुसरी तक्रार अधिक गंभीर असून तिची चर्चा तुलनेने कमी झाली आहे.

संगणकशास्त्राबाहेरील वाचकासाठी एक खुलासा आवश्यक आहे. कोणत्याही आज्ञावलीला फाइल उघडावयाची असो, पडद्यावर अक्षर उमटवावयाचे असो किंवा केवळ घड्याळातील वेळ विचारावयाची असो, तिला ऑपरेटिंग सिस्टीमकडे विनंती करावी लागते. ही विनंती कोणत्या स्वरूपात करावयाची याचे नियम ठरलेले असतात. मराठी वाचकाला याचे परिचित उदाहरण म्हणजे दफ्तराची भाषा. दख्खनेत सत्ता बदलल्या, शिवकाळात राज्यव्यवहारकोशासारखा जाणीवपूर्वक प्रयत्नही झाला. तरी फडणीस, चिटणीस, जमाबंदी अशी फारसी वळणाची शब्दसंपदा मराठी कारभारात टिकून राहिली. घरात कोणतीही भाषा बोलली जात असो, अर्ज दफ्तराच्या वळणानेच करावा लागे. संगणकाच्या दफ्तरात सीचे स्थान असेच आहे.

सीच्या आधीच्या वाटा

ऑपरेटिंग सिस्टीम यंत्रभाषेऐवजी उच्चस्तरीय भाषेत लिहिण्याचा मान सीकडे जातो, असा समज पाठ्यपुस्तकांमुळे दृढ झाला आहे. तो खरा नाही. अमेरिकेतील बरोज कंपनीने १९६१ मध्ये जाहीर केलेल्या बी ५००० या संगणकाची 'एमसीपी' ही प्रणाली अल्गॉल भाषेच्या एका रूपात लिहिली गेली. या यंत्राची रचनाच अशी होती की, शंभर घरांच्या कोष्टकातील एकशे एकावे घर मागितल्यास प्रत्यक्ष यंत्रच ती मागणी नाकारत असे. या प्रणालीचे वंशज युनिसिस कंपनीकडे आजही आहेत.

दुसरे उदाहरण मल्टिक्सचे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅबोरेटरीज यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास हाती घेतलेली ही महत्त्वाकांक्षी प्रणाली मुख्यतः पीएल/वन भाषेत लिहिली गेली. पॉल कार्गर आणि रॉजर शेल या दोघांनी १९७४ मध्ये अमेरिकन हवाई दलासाठी मल्टिक्सच्या सुरक्षिततेची परीक्षा केली होती. त्याच दोघांनी २००२ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी, मागे वळून पाहताना एक मार्मिक निरीक्षण नोंदविले. ठरावीक जागेत न मावणारा मजकूर शेजारच्या मेमरीवर सांडण्याचा जो दोष पुढे सर्वत्र बोकाळला, तो मल्टिक्समध्ये फारसा आढळत नसे. त्याचे एक कारण त्यांनी भाषेत शोधले : पीएल/वनमध्ये मजकुराची कमाल लांबी आधीच सांगावी लागे आणि जास्तीचा भाग आपोआप छाटला जाई.

तात्पर्य, सी जन्मण्यापूर्वीच अधिक सुरक्षित अशा किमान दोन वाटा प्रत्यक्षात चालून झालेल्या होत्या. त्या तांत्रिकदृष्ट्या अशक्य ठरल्या नाहीत, महाग ठरल्या. हा भेद ध्यानात न घेतल्यास पुढचा सगळा इतिहास अपरिहार्य वाटू लागतो.

बेल लॅबोरेटरीजमधील घडण

बेल लॅबोरेटरीजने १९६९ मध्ये मल्टिक्समधून अंग काढून घेतले. तेथील केन थॉम्प्सन यांनी पीडीपी-७ या अडगळीत पडलेल्या छोट्या संगणकावर युनिक्सचा पहिला अवतार असेम्ब्ली भाषेत लिहिला. त्या यंत्राची मेमरी अवघी आठ हजार शब्दांची होती. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल या भाषेला कातरून थॉम्प्सन यांनी 'बी' ही भाषा तयार केली. १९७० मध्ये पीडीपी-११ हे नवे यंत्र आले. त्याच्या मेमरीत प्रत्येक अक्षराला स्वतंत्र पत्ता होता आणि बीला अक्षर व संख्या यांतील फरकच ठाऊक नव्हता. या अडचणीतून डेनिस रिची यांनी १९७१ ते १९७३ या काळात बीला प्रकारांची जोड देत सी घडविली. थॉम्प्सन यांनी १९७२ मध्ये युनिक्सचा गाभा सीमध्ये लिहिण्याचा प्रयत्न करून सोडून दिला होता, कारण एकत्रित नोंदी मांडण्याची सोय तेव्हा भाषेत नव्हती. ती आल्यावर १९७३ च्या उन्हाळ्यात गाभा सीमध्ये उतरला.

या घडणीतील दोन बारीकसारीक वाटणारे निर्णय पुढे फार महागात पडले. बीसीपीएलमध्ये मजकुराच्या आरंभी त्याची लांबी लिहिलेली असे. बी आणि सी यांनी ती काढून टाकली आणि मजकूर संपल्याची खूण शेवटी ठेवली. लांबीसाठी राखलेल्या लहानशा जागेमुळे मजकुरावर मर्यादा पडे आणि मोजणी सांभाळण्यापेक्षा खूण ठेवणे सोयीचे वाटले, असे कारण रिची यांनीच नंतर दिले आहे. दुसरा निर्णय असा की, कोष्टकाचे नाव उच्चारताच त्याचे रूपांतर पहिल्या घराच्या पत्त्यात व्हावे. पत्ता हाती येतो, कोष्टक किती घरांचे आहे ही माहिती मात्र वाटेत गळून पडते. बरोजच्या यंत्राने जी मागणी नाकारली असती ती सी निमूटपणे पूर्ण करते.

या निर्णयांसाठी रिची यांना दोष देणे इतिहासाला धरून होणार नाही. पीडीपी-११ वर सुरुवातीला एकूण २४ किलोबाइट मेमरी होती आणि तिचा निम्मा भाग प्रणालीनेच व्यापलेला असे. आज एका साध्या छायाचित्राला त्याहून अनेकपट जागा लागते. अशा अवकाशात प्रत्येक तपासणी ही चैनच होती. शिवाय हे यंत्र वापरणारे एका दालनात बसणारे, परस्परांना ओळखणारे मोजके तज्ज्ञ होते. १९९३ मध्ये सीचा इतिहास लिहिताना रिची यांनी तिच्या विक्षिप्तपणाची आणि दोषांची कबुली मोकळेपणाने दिली. आपल्या निर्मितीविषयी इतक्या निर्लेपपणे बोलणारे भाषाकार विरळाच. प्रश्न भाषा अशी का घडली हा नसून त्या दालनाबाहेर पडल्यावरही ती तशीच का राहिली, हा आहे.

प्रसाराची कारणमीमांसा

सीच्या प्रसारामागील एक प्रमुख कारण कायदेशीर आहे. बेल लॅबोरेटरीजची मालक कंपनी एटी अँड टी ही दूरध्वनी क्षेत्रातील मक्तेदार होती आणि १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीनुसार तिला दूरसंचाराबाहेरच्या व्यवसायात उतरण्यास मनाई होती. युनिक्स विकता येत नसल्याने ते मूळ संहितेसह विद्यापीठांना नाममात्र शुल्कात दिले गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील आवृत्त्या याच वाटेने जन्मल्या. विद्यार्थ्यांच्या एका संपूर्ण पिढीला वाचण्यास उपलब्ध झालेली खरीखुरी ऑपरेटिंग सिस्टीम ही होती, आणि ती सीमध्ये होती. एका मक्तेदारीला आवर घालणाऱ्या तडजोडीने दुसऱ्या मक्तेदारीची पायाभरणी केली, हा विरोधाभास नोंद घेण्याजोगा आहे.

दुसरे कारण स्थलांतराचे. स्टीव्ह जॉन्सन यांनी निरनिराळ्या यंत्रांसाठी सहज बदलता येईल असा कम्पायलर लिहिला, आणि १९७७ च्या सुमारास युनिक्स पीडीपी-११ हून सर्वस्वी वेगळ्या अशा इंटरडेटा यंत्रांवर नेण्यात आले. १९७८ मध्ये ब्रायन कर्निघन आणि रिची यांचे आटोपशीर पुस्तक निघाले. स्वस्त मायक्रोप्रोसेसरवर आधारलेले संगणक १९८० च्या दशकात बाजारात आले तेव्हा नव्या कंपन्यांपुढे दोन पर्याय होते : स्वतःची प्रणाली शून्यातून लिहिणे, किंवा सीचा कम्पायलर तयार करून युनिक्स आणणे. बहुतेकांनी दुसरा निवडला.

प्रतिस्पर्ध्यांची कथा वेगवेगळी असली तरी शेवट सारखाच आहे. ॲपलच्या १९८३ मधील लिसा या संगणकाची प्रणाली प्रामुख्याने पास्कलमध्ये होती आणि १९८४ च्या मॅकिंटॉशची अधिकृत माहितीपुस्तकेही पास्कलच्या परिभाषेत लिहिलेली होती. ॲपलने १९९७ मध्ये नेक्स्ट कंपनी विकत घेतली आणि २००१ मध्ये मॅक ओएस टेन बाजारात आणली, तेव्हा गाभ्यात युनिक्सच्या वंशातील सी आली. डिजिटल इक्विपमेंट कंपनीची व्हीएमएस ही प्रणाली ब्लिस आणि असेम्ब्ली या भाषांत लिहिलेली होती. तिचे एक प्रमुख शिल्पकार डेव्ह कटलर यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये जाऊन १९९३ ची विंडोज एनटी घडविली, ती मात्र सीमध्ये. विंडोजच्या आरंभीच्या आवृत्त्यांत प्रणालीला हाक मारण्याची रीत पास्कलची होती आणि हाकेचे शब्द सीचे होते. पास्कलची ती खूण जुन्या संहितेत बराच काळ दिसत राहिली.

एडा या भाषेची हकिकत याच्या नेमकी उलट आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने शेकडो भाषांच्या गोंधळावर उपाय म्हणून ती करवून घेतली, १९८३ मध्ये तिचे मानक ठरले, १९९१ पासून तिच्या वापराची कायदेशीर सक्तीही आली. १९९७ मध्ये ती सक्ती मागे घ्यावी लागली. राजाश्रयाने जे साधले नाही ते सीने कोणत्याही आदेशाविना, केवळ उपलब्धतेच्या बळावर साधले.

१९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांचा मुक्त सी कम्पायलर आला. १९८८ मध्ये पोझिक्स या मानकाने युनिक्ससदृश प्रणालींचे स्वरूप निश्चित केले, तेही सीच्या शब्दांत. एडा आणि फोर्ट्रन या भाषांसाठी त्याची स्वतंत्र रूपे १९९२ मध्ये निघाली, परंतु ती मूळ सी-संहितेच्या भाषांतरासारखीच होती. १९९१ मध्ये लायनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहावयास घेतले तेव्हा फुकट मिळणारा उत्तम कम्पायलर सीचा होता आणि अनुसरावयाचे मानकही सीचे होते. भाषेची निवड त्यांच्यासाठी जणू आधीच झालेली होती.

असंतोषाचे पहिले पर्व

टोनी होअर यांनी १९८० च्या ट्यूरिंग पुरस्कार भाषणात एक जुना अनुभव सांगितला. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या गटाने अल्गॉलचा कम्पायलर तयार केला, त्यात कोष्टकाच्या मर्यादेची तपासणी प्रत्येक वेळी होत असे. वेग वाढविण्यासाठी ती बंद करण्याची सोय हवी काय, असे विचारता ग्राहकांनी एकमुखाने नकार दिला. वीस वर्षांनंतरही भाषाकार हा धडा शिकले नाहीत, ही त्यांची खंत होती. त्यांनी सीचे नाव घेतले नाही. घेण्याची आवश्यकताही नव्हती.

अधिक कडवट सूर लिस्प भाषेच्या अनुयायांचा होता. लिस्पसाठीच घडविलेली यंत्रे सिम्बॉलिक्ससारख्या कंपन्या १९८० च्या दशकात विकत होत्या. त्यांची संपूर्ण प्रणाली लिस्पमध्ये असे आणि चालू असतानाच तिचा कोणताही भाग उघडून दुरुस्त करता येई. ही यंत्रे महाग होती. स्वस्त युनिक्स संगणकांपुढे त्यांचा टिकाव लागला नाही आणि १९९३ मध्ये सिम्बॉलिक्सने दिवाळखोरीचा आसरा घेतला. याच वर्तुळातील रिचर्ड गेब्रियल यांनी १९९० च्या सुमारास एक अस्वस्थ करणारा सिद्धान्त मांडला : परिपूर्णतेचा ध्यास घेणारी रचना मागे पडते आणि अर्धीमुर्धी पण सोपी व कुठेही रुजणारी रचना आधी पसरते, मग हळूहळू सुधारते. युनिक्स आणि सी यांची त्यांनी विषाणूशी तुलना केली. १९९४ मध्ये युनिक्सद्वेष्ट्यांचे एक संपूर्ण पुस्तकच निघाले आणि त्याला विरोधी प्रस्तावना खुद्द रिची यांनी लिहिली.

निकलाऊस विर्थ यांची पद्धत याहून निराळी. पास्कलच्या या जनकाने टीका करण्यापेक्षा पर्याय घडविणे पसंत केले. १९८० मधील लिलिथ हा संगणक आणि त्याची मोड्युला-२ भाषेतील प्रणाली, पुढे युर्ग गुटक्नेख्ट यांच्यासह केलेली ओबेरॉन प्रणाली, या सर्वांतून त्यांनी एकच गोष्ट सिद्ध केली : लहानसा गट, सुरक्षित भाषा वापरून, समग्र ऑपरेटिंग सिस्टीम लिहू शकतो. झ्यूरिकच्या वर्गखोल्यांबाहेर ती फारशी गेली नाही. अर्थात पास्कललाही सोवळे मानण्याचे कारण नाही. कोष्टकाचा आकार पास्कलमध्ये प्रकाराचाच भाग असल्याने वेगवेगळ्या लांबीच्या कोष्टकांसाठी एकच उपयुक्त आज्ञावली लिहिणे दुरापास्त होते, हा कर्निघन यांचा १९८१ मधील आक्षेप रास्तच होता.

या पर्वातील असंतोष मुख्यतः पराभूतांचा होता आणि त्यात अभिरुचीचा भाग मोठा होता, हे मान्य करावे लागते. त्याला लोकहिताचे परिमाण प्राप्त झाले ते नंतर.

सांडलेल्या मेमरीची किंमत

२ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने जो एक मार्ग वापरला तो सीच्या 'गेट्स' या आज्ञेतून जात होता. येणाऱ्या मजकुरासाठी किती जागा आहे हे या आज्ञेला सांगण्याची सोयच नाही. मजकूर येत राहिला तर ती लिहीत राहते. दोष असा उघड झाल्यानंतरही गेट्स सीच्या मानकातून २०११ मध्ये वगळली गेली. मधल्या तेवीस वर्षांचे स्पष्टीकरण एकच : जुनी संहिता मोडू नये.

एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेला हार्टब्लीड हा दोष याच जातीचा होता. ओपनएसएसएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत तो दोन वर्षे दडून होता; मर्यादेची एक तपासणी राहून गेल्याने सर्व्हरच्या मेमरीतील गुप्त माहिती परक्याच्या हाती जाऊ शकत होती. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा आज्ञावलीच्या सदोष अद्यतनामुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. सीच्या कुळातील भाषेत लिहिलेली आणि गाभ्यात चालणारी ही आज्ञावली कोष्टकातील नसलेले घर वाचावयास गेली होती. त्या दिवशी भारतातील विमानतळांवरही काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. संगणकभाषेतील १९७० च्या दशकातला एक निर्णय सामान्य प्रवाशाच्या हातातील कागदापर्यंत पोहोचतो तो असा.

ही उदाहरणे अपवादात्मक नाहीत. आपल्या उत्पादनांत दरवर्षी दुरुस्त केल्या जाणाऱ्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या गैरहाताळणीचे असतात, असे मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये जाहीर केले. क्रोम ब्राउझरमधील गंभीर दोषांबाबत गूगलने २०२० मध्ये जवळजवळ तोच आकडा दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने मेमरी-सुरक्षित भाषांकडे वळण्याचे आवाहन करणारा अहवाल काढला. भाषेच्या व्याकरणाचा प्रश्न राजकीय अहवालाचा विषय व्हावा, ही घटना संगणकाच्या इतिहासात नवीच होती.

भाषा नव्हे, सीमा

दोष इतके स्पष्ट असताना आणि पर्याय उपलब्ध असताना वर्चस्व का ढळत नाही? आळस, सवय, जुन्या संहितेचा प्रचंड साठा ही नेहमीची उत्तरे खरी आहेत, पण अपुरी आहेत. खरे उत्तर सीच्या बदललेल्या भूमिकेत आहे. ती आता केवळ आज्ञावली लिहिण्याची भाषा राहिलेली नाही, तर दोन आज्ञावलींमधील कराराची भाषा बनली आहे.

प्रणालीकडे कोणत्या विनंत्या करता येतात याची यादी सीच्या हेडर फाइलींत असते. विनंतीसोबतची माहिती कोणत्या क्रमाने, किती बाइटच्या अंतराने ठेवावयाची हे त्या यंत्रावरील सीच्या रिवाजावरून ठरते. पायथॉनमध्ये लिहिणाऱ्याला सीचे दर्शनही होत नाही, परंतु पायथॉनची प्रचलित आवृत्ती सीमध्येच लिहिलेली असून फाइल उघडण्याची विनंती ती सीच्या लायब्ररीमार्फत पुढे पाठविते. दोन नव्या भाषांना एकमेकींशी बोलावयाचे असले तरी त्या बहुधा सीच्या मध्यस्थीने बोलतात.

ही मध्यस्थी किती सक्तीची आहे याचे बोलके उदाहरण गो भाषेने पुरविले. २००७ मध्ये गूगलमध्ये हाती घेतलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या भाषेच्या तीन जनकांपैकी एक केन थॉम्प्सन होत, म्हणजे युनिक्स आणि बी यांचेच कर्ते. गोच्या कर्त्यांनी सीची लायब्ररी टाळून थेट गाभ्याला हाक मारण्याचा मार्ग स्वीकारला. २०१६ मध्ये मॅकओएसच्या नव्या आवृत्तीत वेळ विचारण्याच्या हाकेचे अंतर्गत स्वरूप बदलले आणि आधी तयार झालेल्या गो आज्ञावली कोसळू लागल्या. ॲपलच्या दृष्टीने यात काहीच वावगे नव्हते. हमी होती ती लायब्ररीची, तिच्या आतल्या रचनेची नव्हे. २०१८ पासून मॅकओएसवर आणि २०२१ मध्ये ओपनबीएसडीवर गोला लायब्ररीचा रस्ता धरावा लागला. लिनक्सची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तेथे गाभ्याच्या हाका न बदलण्याचे पथ्य कसोशीने पाळले जाते. तरीही त्या हाकांसोबतच्या माहितीची मांडणी सीच्याच हेडर फाइलींत सांगितलेली असते.

वाईट भाग असा की करार म्हणून सी नीट स्पष्टही नाही. 'इंट' किंवा 'लाँग' ही संख्या किती बाइटची, हे तिचे मानक निश्चित करीत नाही, किमान मर्यादा तेवढी सांगते. ६४ बिटांच्या विंडोजवर लाँग चार बाइटचा, तर लिनक्स व मॅकओएसवर आठ बाइटचा असतो. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत हा मुद्दा अनुभवाने परिचित आहे. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या पुस्तकावर आणि टर्बो सी या डॉसवरील कम्पायलरवर विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या वाढल्या. त्या कम्पायलरवर इंट दोन बाइटचा होता, म्हणून ३२७६७ ही त्याची कमाल मर्यादा परीक्षेत घोकून लिहिली जाई. नोकरीत भेटलेल्या संगणकांवर तो चार बाइटचा निघे. विद्यार्थ्याने शिकलेला गुणधर्म भाषेचा नव्हताच, एका कंपनीच्या एका कम्पायलरचा होता. या संदिग्धतेमुळे हेडर फाइल समजून घेण्यासाठी यंत्र, प्रणाली आणि कम्पायलर या तिघांचे ज्ञान लागते. ॲपलच्या २०१४ मधील स्विफ्ट भाषेने यावर काढलेला तोडगा बोलका आहे : तिने सीचा अख्खा कम्पायलरच आपल्या पोटात घेतला.

कराराची भाषा झाल्याने सीलाही आता हलता येत नाही. १९९९ च्या मानकाने सर्वांत मोठ्या पूर्णांकासाठी 'इंटमॅक्स' हा प्रकार दिला, तो प्रत्यक्षात ६४ बिटांचा राहिला. पुढे प्रमुख कम्पायलर १२८ बिटांचे पूर्णांक हाताळू लागले, तरी इंटमॅक्स वाढविता येईना, कारण तो वाढविला तर आधी तयार होऊन जगभर पसरलेल्या आज्ञावलींशी असलेला करार मोडतो. सर्वांत मोठ्या पूर्णांकाहून मोठा पूर्णांक अशी ही अवस्था सुधारण्याऐवजी अखेर मानकातील व्याख्याच सैल करण्यात आली. सीचा द्वेष करणारे आणि सी सुधारू पाहणारे असे दोघेही येथे एकाच भिंतीशी अडलेले दिसतात.

रस्टचा प्रवेश

मोझिलामध्ये वाढलेल्या आणि मे २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्ट या भाषेने मेमरीच्या चुका कम्पायलरकडूनच पकडून घेण्याची पद्धत व्यवहार्य करून दाखविली, तीही वेगाचा बळी न देता. डिसेंबर २०२२ मधील लिनक्स ६.१ या आवृत्तीत रस्टला प्राथमिक प्रवेश मिळाला. अँड्रॉइडमध्ये नवी संहिता सुरक्षित भाषांत लिहिण्याचे धोरण ठेवल्यावर मेमरीविषयक सुरक्षादोषांचे प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आल्याचे गूगलने जाहीर केले. जुनी संहिता तशीच ठेवूनही हे घडले, ही बाब विशेष आशादायक आहे.

लिनक्समधील वाटचाल मात्र कष्टाची ठरली. ऑगस्ट २०२४ मध्ये रस्टच्या प्रमुख जबाबदारांपैकी एकाने अतांत्रिक वादांना कंटाळून काम सोडले आणि २०२५ च्या आरंभी वाद पुन्हा पेटला. वादाचा विषय भाषेची गुणवत्ता हा फारसा नव्हता. गाभ्यातील अंतर्गत करार सीमध्ये आहेत आणि सीचे जाणकार ते गरजेनुसार बदलत असतात. रस्टमधील संहिता त्या करारांवर उभी राहिली की प्रत्येक बदलानंतर तिची दुरुस्ती कोणी करावयाची, हा खरा तंटा होता. एका पिढीने आयुष्य वेचून मिळविलेल्या कौशल्याशी तो निगडित असल्याने त्यातील कडवटपणा समजण्याजोगा आहे. सीच्या जाणकारांची भीती निराधार होती असेही म्हणता येत नाही, कारण दोन भाषांत राखावयाचा गाभा एका भाषेतील गाभ्याहून अधिक मनुष्यबळ मागतो आणि लिनक्सच्या कित्येक उपविभागांत मुळातच माणसे थोडी आहेत.

रस्टलाही सीमेवर सीचाच परवाना दाखवावा लागतो. तयार आज्ञावलीच्या पातळीवर परस्परांशी कसे बोलावे याचा स्वतःचा स्थिर करार रस्टने अद्याप ठरविलेला नाही. त्यामुळे कम्पायलरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांनी तयार झालेल्या रस्टच्याच दोन लायब्ररी परस्परांशी जोडावयाच्या असल्या, तर भरवशाचा प्रचलित मार्ग असा की, उघड करावयाच्या प्रत्येक कार्याच्या आरंभी 'एक्स्टर्न सी' असे शब्द लिहावयाचे आणि माहितीची मांडणी सीप्रमाणे करावी अशी कम्पायलरला सूचना द्यावयाची.